पाणी बंद करण्याचा निर्दोष अर्ज

माणसाची लायकी त्याच्या इंग्रजीवरून ठरते, हे आता सगळ्यांनीच मान्य केलंय. (मराठी चुकलं तर 'चालायचंच' म्हणतात. कुठेतरी चालायला हवंच ना.) आमच्या इमारतीत याचा रीतसर अभ्यास झाला. शंभरातली नव्वद माणसं इंग्रजी लिहिताना चुकतात. उरलेली दहा शहाणी, ती लिहीतच नाहीत.

म्हणून आमच्या सेक्रेटरींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, नियम केला: तक्रार इंग्रजीतच करायची, आणि एकही चूक सापडली तर अर्ज परत. नियम फार गुणाचा निघाला. बघता बघता तक्रारीच बंद झाल्या. गच्ची गळायची ती गळतेच, जिन्यातला दिवा गेला तो गेलाच, पण कागदोपत्री आमच्यासारखी सुखी इमारत शोधून सापडायची नाही.

आणि तळमजल्यावर टेलरबाईंच्या खोलीत मोठा पाइप फुटला.

बाई एकटीच्या जिवावर घर चालवणाऱ्या. शाळा उघडायच्या तोंडावर आलेल्या आणि शिवून झालेल्या गणवेशांचे गठ्ठे जमिनीवर रचलेले. पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह गच्चीवर, कुलपात. कुलपाची चावी भाऊजींच्या खिशात.

बाई धापा टाकत वर आल्या. म्हणाल्या, "साहेब, आधी चावी द्या. मग सांगाल तेवढं इंग्रजी लिहिते."

भाऊजी शांतपणे म्हणाले, "बाई, पाणी काय, वाहून जातं. चुकीचं इंग्रजी फायलीत कायमचं राहतं."

काय वाक्य आहे. मी तर लगेच चहा टाकला.

अर्ज तपासायला इमारतीची समिती बसली. पहिला अर्ज लालेलाल होऊन परत गेला. दुसऱ्यात चुका कमी होत्या, पण तो घाईत लिहिलेला वाटतो असं मत पडलं. तिसरा ओलाच आला. तो दोरीवर वाळत घातला, कारण भिजल्या कागदावर स्वल्पविराम कुठला आणि शाईचा डाग कुठला, हे विद्वानांनाही सांगता येत नाही. मी म्हटलं, भाऊजी, तोवर मी चावी घेऊन वर जाऊन येते. तर म्हणाले, वहिनी, तुम्हाला इंग्रजी येत नाही, तुम्ही यात पडू नका. खरंच आहे. व्हॉल्व्ह इंग्रजीतच फिरतो.

एव्हाना पाणी जिना चढून आमच्या मजल्यावर आलं. (पाणी वर चढत नाही म्हणणाऱ्यांनी आमची इमारत पाहिलेली नाही.) समितीने पाय खुर्चीवर घेतले, मग खुर्च्या टेबलावर घेतल्या. खजिनदारांनी डिक्शनरी तान्ह्या बाळासारखी छातीशी धरली. टेबल तरंगत दारापाशी पोचलं तेव्हा चौथा अर्ज मंजूर झाला. नावालाही चूक नाही. भाऊजींनी तो मोठ्याने वाचून दाखवला, समितीने टाळ्या वाजवल्या आणि चावी दिली. बाई चावी घेऊन गच्चीकडे धावत सुटल्या, त्यांच्या टाळ्या तेवढ्या राहून गेल्या.

गणवेश गेले. मशीन गेलं. बाईही खोली सोडून गेल्या. अर्ज मात्र चौकटीत बसवून इमारतीच्या दाराशी लावलाय, नव्या भाडेकरूंना नमुना म्हणून.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली. बाई कुठे गेल्या, त्यांचं पुढे काय झालं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. सगळ्यांना एवढंच हवं असतं, पहिल्या अर्जात चुका काय होत्या हो?

तुमच्याही ओठांवर तेच आलंय. विचारा की, लाजता कशाला. फक्त इंग्रजीत लिहून विचारा.