खांबापासून अठरा पावलं

"डोळे बांधून सोडा मला किनाऱ्यावर! घरटं दाखवलं नाही तर नाव बदलून ठेवा!" कासवांची घरटी राखणाऱ्या कासवताईने आदल्या दिवशी वनखात्याच्या साहेबांना फोनवर ठणकावलं होतं. आता सकाळचे साडेआठ वाजले होते, डोळे टक्क उघडे होते, आणि घरटं काही सापडत नव्हतं!

बोली साधी होती. नव्या रस्त्यालगतच्या वाळूत कासविणीची अंडी साहेबांना दिसली, तर काम दोन महिने बंद. नाही दिसली, तर नऊ वाजता खोदाईचं मशीन वाळूत उतरणार. ठेकेदार घड्याळाकडे असे डोळे वटारून बघत होता, जणू ते घाबरून जरा जोरात पळेल.

कासवताई घरट्यावर कधीच खूण ठेवत नसे. झेंडी लावली की अंडी चोरणारे आधी हजर! ती वहीत फक्त माप लिही: 'चार नंबरचा दिव्याचा खांब. सरळ समुद्राकडे अठरा पावलं. अंडी एकशे बारा.'

तिने वाटेतल्या साहेबांच्या खुर्चीला वळसा घालून अठरा पावलं मोजली, गुडघे टेकले आणि हातांनी वाळू उकरली. हात कोपरापर्यंत आत गेला. नुसतीच वाळू.

"अगं, पावलं मोठी पडली असतील," नवरा म्हणाला.

"पंधरा दिवसांत माझे पाय वाढले का हो?"

उजवीकडे उकरलं. डावीकडे उकरलं. घामाने वहीची पानं चिकटली.

"कुत्र्यांनी खाल्ली असतील बाई," ठेकेदार मायेने म्हणाला. "साहेब, पावणेनऊ!"

मशीन धडधडू लागलं. कासवताईने आणखी खोल हात घातला. एकशे बारा पिल्लं, आणि त्यांच्यासाठी भांडायला ही एकटी, वाळूने माखलेली!

तेवढ्यात मशीनवाला वरून ओरडला, "ताई, खांबापासून मोजताय होय? तो परवाच आम्ही पाच पावलं पुढे, समुद्राकडे घेतला. रस्ता रुंद केला ना!"

"अरे, मग मघापासून तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही अंड्यांचं विचारत होता. खांबाचं कुठं विचारलंत?"

खांब पाच पावलं पुढे, म्हणजे घरटं पाच पावलं मागे! ती गर्रकन वळली. एक, दोन, तीन, चार... पाचव्या पावलाला साहेबांचे बूट आडवे आले. साहेब छत्रीखाली प्लास्टिकच्या खुर्चीत ऐसपैस बसले होते आणि खुर्चीचे पाय वीतभर वाळूत रुतले होते.

"साहेब, हलू नका! तुम्ही अंड्यांवर बसलाय!"

साहेबांचा चहा ओठांपाशीच थांबला. "मग... उठू?"

"नको! उठताना जोर पडेल!"

"मग बसू?"

"बसलात तरी पडतोच आहे!"

शेवटी नवरा, मशीन बंद करून उतरलेला मशीनवाला आणि तोंड वाकडं केलेला ठेकेदार अशा तिघांनी साहेबांना खुर्चीसकट उचललं. साहेब श्वास रोखून हवेत. कासवताईने खाली हात घातला. वाळू... वाळू... आणि मग बोटांना काहीतरी गोल, मऊ लागलं. त्याच्या शेजारी दुसरं. तिसरं. एकही फुटलेलं नव्हतं!

साहेबांनी हवेतूनच हुकूम सोडला, "काम बंद! आणि मला खाली ठेवा!"

कासवताई तिथेच फतकल मारून बसली. डोळ्यांतलं पाणी वाळूच्या हाताने पुसून म्हणाली, "आता माप घ्यायचं तरी कशापासून? इथे रोज काही ना काही सरकतं!"

"माझ्यापासून घे," नवरा छाती काढून म्हणाला. "मी नाही कधी जागचा हलत."

"ते ठाऊक आहे हो. पण मला किनाऱ्यावरचं माप हवंय, पलंगापासूनचं नाही!"