यौ चिनथू यांणी ओलीवर केलेली मोहीम

श्री दर्यादेवी माझू प्रसन्न.

कीलुंग बंदराचे पिछाडीस, डोंगराचे कुशीत, चौथे मजल्यावर यौ घराण्याचे ठाणे आहे. तेथील कारभारी राजश्री यौ चिनथू यांणी मातोश्रींचे खोलीत घुसलेल्या ओलीशी चार दिवस झुंज दिली. ती कैसी दिली आणि यश कैसे आले, हे घरातील दोन माणसे दोन तऱ्हेने सांगतात, म्हणोन खरे काय ते एकदा लिहून ठेविले. कमी-जास्त आढळल्यास चिनथूंचे कुटुंबास विचारावे. त्यांस सर्व ठाऊक असते.

चिनथू म्हणजे मोठे करामती पुरुष. एकतीस वर्षे बंदरावर क्रेनच्या उंच माचीत बसोन जहाजांवरील लोखंडी पेट्या उचलिल्या आणि एकही कोणाचे डोकीवर पाडिली नाही, ऐसा लौकिक. दो वर्षांमागे निवृत्त जाहले, तेव्हापासून बैठकीचे खोलीत टीव्हीसमोरील खुर्चीवर त्यांचा कायम मुक्काम. घरी दुरुस्तीस कारागीर बोलावणे म्हणजे एकतीस वर्षांचे इभ्रतीस बट्टा, ऐसे ते मानीत, आणि त्यापायी स्नानगृहाचा नळ तीन महिने गळत होता, तो विषय येथे वाढवीत नाही.

ऐशियात आलुबुखारे पिकण्याचे सुमारास लागतो तो पाऊस लागला. पंधरा दिवस सूर्याचे दर्शन नाही. ओल नामे गनीम जिन्याने चढोन घरात आला आणि त्याणे बिस्किटे मऊ केली, मोज्यांस वास आणिला, मग मातोश्री यूये यांचे खोलीतील उत्तरेची भिंत काबीज करून तीवर काळ्या बुरशीचे ठाणे बसविले. ओल शोषणारे बादलीवाले यंत्र गतसाली तुफानाचे मोसमात कामी आले होते, सबब प्रतिकारास कोणी उरले नव्हते. मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी, गुडघे धरलेले, त्या दिवसरात्र बिछान्यावर बसोन भिंतीकडे पाहात.

बुधवारी धाकटे बंधू चिनफा यांचा ताइचुंगाहून फोन आला. हे बंधू कोरड्या मुलखात लिफ्टवाल्या नव्या इमारतीत राहतात आणि दर संभाषणात एकवार लिफ्टचा उल्लेख करितात. त्यांणी कळविले की, "रविवारी दुपारी आईला न्यायला येतोय. तुझ्या घरात अजून एक महिना राहिली तर तिलाच बुरशी चढेल." मग चिनथूंनी फोन मातोश्रींचे कानास लाविला. त्यांणी सर्व ऐकोन घेतले आणि "बरं" इतकेच बोलिल्या.

त्या एका शब्दाने चिनथूंचे काळजात चर्र जाहले. बासष्ट वर्षांत मातोश्रींवाचून घर त्यांणी पाहिलेच नव्हते. वडील गेले, मुले तैपेईस गेली, तरी सकाळी खोलीतून "चिनथू, पाऊस आहे का रे?" ऐसी हाक येई, ती सोमवारपासून येणार नाही, हे त्यांस सोसवेना. परंतु "आई, जाऊ नकोस" ऐसे तोंडाने बोलण्याची रीत या घराण्यात नाही. म्हणोन त्यांणी फोन हिसकोन घेऊन बंधूशी करार केला, तो येणेप्रमाणे: रविवारी बारा वाजता खोलीतील ओल मोजण्याचा काटा साठाचे खाली असल्यास मातोश्री कीलुंगास राहतील, वर असल्यास ताइचुंगास जातील. चिनफा हसोन बोलिले, "मग बॅग आत्ताच भरायला घे." तेसमयी काटा अठ्ठ्याऐंशीवर होता.

गुरुवारी प्रातःकाळी चिनथूंनी मोहिमेस आरंभ केला. खोलीत भिंतीवर वरचे अंगास शीतयंत्र आहे, ज्यास लोक एसी म्हणतात. ते नऊ वर्षांचे, आणि त्याची जाळी नऊ वर्षांत कोणी उघडोन पाहिली नव्हती. चिनथूंनी प्रथम, यंत्राने गुणाने वागावे म्हणोन, बंदराचे रिवाजाप्रमाणे त्याचे मस्तकी मक्याच्या पोंग्यांचे हिरवे पाकीट ठेविले. हा रिवाज कडक आहे. पाकीट हिरवेच पाहिजे, पिवळे ठेविल्यास यंत्र बिघडते. मुदत उलटलेले चालत नाही. आणि त्यातील पोंगा खाणाऱ्याचे तर तोंडही पाहू नये. एकतीस वर्षे चिनथूंचे माचीत ऐसे पाकीट होते आणि क्रेन एकदाही अडोन बसली नाही, तेव्हा या गोष्टीस त्यांचे लेखी दुसरा पुरावा नको होता.

पाकीट ठेवोन यंत्र थंडीवर घातले आणि अंश अठरा केले. तासाभरात काटा ब्याऐंशीवर आला. परंतु मातोश्रींनी एक स्वेटर घातला, मग दुसरा घातला, मग मफलर गुंडाळोन फर्माविले, "चिनथू, थंडीनं मारायचं असेल तर आधी सांग. मी चांगले कपडे घालून निजते." आणि चिनथू पाणी प्यावयास गेले असता ऊब यावी म्हणोन मातोश्रींनीच काठीने खिडकी उघडिली. बाहेर गनीम टपलाच होता. तो सर्व फौजेनिशी आत आला आणि काटा एक्क्याण्णव जाहला. चिनथूंनी दुकानी जाऊन दुसरे हिरवे पाकीट आणिले आणि पहिल्याचे शेजारी ठेविले.

शुक्रवारी मसलत फिरविली. खिडकी बंद, अंश सव्वीस, आणि यंत्र ओल शोषण्याचे कलमावर. तरी हवा येईना. तेव्हा शिडी लावोन जाळी काढिली, तो तीवर धुळीची ऐसी जाड गोधडी की आरपार दिवा दिसेना. ती स्नानगृहात नेऊन जुन्या दातघाशाने घासिली, तेणेकरून स्वच्छ जाहली. परंतु कीलुंगात धुतलेली वस्तू वाळवावी कोठे? जाळी तीन घटिका टांगिली तरी टिपकतच राहिली. चिनथूंचे कुटुंब सौभाग्यवती शिउचू दारात उभ्या राहोन पाहात होत्या. त्या बोलिल्या, "तीसतीस टनांच्या पेट्या उचलल्यात म्हणे, आणि एवढीशी जाळी वाळवता येत नाही." ऐसे म्हणोन केस वाळविण्याचे यंत्र त्यांचे हाती दिले. मग चिनथू मातोश्रींचे बिछान्याचे कडेस बसोन जाळी वाळवू लागले. मातोश्रींनी भोपळ्याच्या बियांची वाटी पुढे सरकविली आणि वडील मासळीचे बाजारात एकदा होडीचे नांगरावरून कैसे भांडले तो वृत्तांत सांगितला. तो चिनथूंनी जन्मात ऐकिला नव्हता. जाळी केव्हाच वाळली, तरी वृत्तांत संपेतो ते उठले नाहीत.

जाळी बसविली आणि तिसरे पाकीट चढविले. सायंकाळी यंत्राचे पोटातून पाणी ठिबकू लागले, ते नेमके मातोश्रींचे उशीवर. चिनथूंनी ताडिले की पाणी बाहेर जाण्याची नळी तुंबली. मग भर पावसात गच्चीचे कठड्याशी उभे राहोन त्यांणी नळीचे टोक तोंडात धरिले आणि एकतीस वर्षांचा दम एकवटोन फुंकर मारिली. काही घडेना. दुसरी मारिली, तिसरी मारिली, तव आतील हिरवट चिखल एकाएकी सुटोन सर्व त्यांचे बनियनवर आणि काही मुखात आला. शिउचूंनी आल्याचे ऊन पाणी गुळण्यांस दिले आणि "आता तरी माणूस बोलवा हो" ऐसा अर्ज केला. तो नामंजूर जाहला, आणि यंत्राचे मस्तकी आणखी दोन पाकिटे चढली.

शनिवारी दोन प्रहरी घात जाहला. यंत्र घरघरे, परंतु वारा नाही. झडप उचलोन पाहिले तो आतील नळ्यांवर पांढरे बर्फ बसलेले. काटा ऐंशीचे खाली उतरेना. चिनथू शिडीचे तिसरे पायरीवर बसले आणि त्यांचे डोळ्यांस पाणी आले. बर्फाचे थेंब पुसितो ऐसे दाखवोन त्यांणी ते पुसिले. तीन दिवस मातोश्री बिछान्यावरून सर्व पाहात होत्या. आता त्यांणी काठी उचलोन यंत्राचे मस्तकाकडे दाखविली.

"काय रे, हा एसी वारा आत कुठून घेतो?"

"वरून. वरनं घेतो आणि खालनं सोडतो."

"आणि वर तू काय ठेवलंयस?"

चिनथूंनी वर पाहिले. पाच हिरवी पाकिटे फुगलेल्या पोटांनी अंगास अंग लावोन यंत्राचे वरील फटीवर निजली होती आणि मधले तर आत ओढले जाऊन चपटे जाहले होते. एक केसही आत जाण्यास वाट नव्हती. जितकी हार खाल्ली तितकी पाकिटे चढविली, आणि जितकी पाकिटे चढविली तितके यंत्र गुदमरले, हा उलगडा त्यांस जाहला. शिउचू तोंडास पदर लावावा तसा टॉवेल लावोन बाहेर गेल्या आणि स्वयंपाकघरातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

"आई, कधी कळलं तुला?"

"परवाच."

"मग बोलली का नाहीस?"

मातोश्री बिया सोलीत राहिल्या.

पाकिटे सन्मानाने उतरवोन समोरील कपाटावर यंत्राकडे तोंड करून मांडिली, कारण रिवाज मोडणे चिनथूंस मंजूर नव्हते. बर्फ वितळू दिले, मग यंत्र पुनः चालविले. मग वारा ऐसा सुटला की भिंतीवरील दिनदर्शिका फडफडू लागली. काटा पंचाहत्तर जाहला, निजण्याचे वेळी सत्तर, रविवारी न्याहारीस सहासष्ट, अकरा वाजता बासष्ट. चिनथू काट्यासमोर स्टूल टाकोन बसले आणि श्वासही जपोन सोडीत, कारण श्वासातही ओल असते ऐसे त्यांणी कोठे वाचिले होते.

बारास दहा कमी असता चिनफा दाखल जाहले. एका हाती ताइचुंगच्या पापुद्र्यांच्या मिठाईची पेटी, दुसऱ्या हाती छत्री, अंगावरून पाणी निथळत. शिउचूंनी दारातच नाकेबंदी केली. "छत्री बाहेर! बूट बाहेर! रेनकोट बाहेर! भाऊजी, ओलं काही आत आणाल तर तुम्हालाही बाहेर ठेवीन." चिनफा मोज्यांवर आत आले, काट्यासमोर उभे राहिले आणि चष्मा पुसोन वाचिले. बारा वाजले होते. काटा एकसष्टावर होता.

चिनथूंनी काट्यास बोटाने टिचकी मारिली. तो हलला नाही.

"एकसष्ट," चिनफा हलकेच बोलिले. त्यांसही आनंद जाहला नाही, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे. "दादा, करार साठचा होता."

"होता," चिनथू बोलिले, आणि बॅग काढावयास कपाटाकडे वळले.

तेव्हा मातोश्रींनी काठी जमिनीवर आपटिली.

"करार तुम्ही दोघांनी केलात. मला कोणी विचारलं? मी काय त्या बंदरावरची पेटी आहे, इकडून उचलून तिकडे ठेवायला?"

"आई, तूच तर 'बरं' म्हणालीस," चिनफा बोलिले.

"म्हणाले. भिंत ओली म्हणून नव्हते म्हणाले. दिवसभर त्या भिंतीशीच बोलायचं, त्याचा कंटाळा आला होता. हा दोन वर्षं घरात आहे, पण बसतो कुठं? टीव्हीसमोर. जेवलीस का, गोळी घेतलीस का, दारातूनच विचारतो आणि जातो. हे चार दिवस इथं बसला. शिडीवर बसला, बिछान्यावर बसला, माझ्या बिया खाल्ल्या. लगेच सांगितलं असतं तर लगेच उठून गेला असता."

चिनथू कपाटाचे दारास हात लावोन उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. चिनफा बिछान्याचे दुसरे अंगास हळूच टेकले. त्यांणी त्या दिवशी लिफ्टचा उल्लेख केला नाही.

मग मातोश्रींनी तह फर्माविला तो ऐसा: जाळी दर पंधरा दिवसांनी चिनथूंनीच काढावी आणि मातोश्रींचे बिछान्यावर बसोनच वाळवावी, घाई करू नये, चिनफांनी महिन्यातून एकदा यावे आणि शिडी धरावी, स्नानगृहाचे नळास माणूस बोलवावा. शेवटल्या कलमास शिउचूंनी मोठ्याने अनुमोदन दिले. दोन्ही बंधूंनी सर्व कबूल केले आणि मासळीच्या गोळ्यांचे सार खावयास पंगत मातोश्रींचे खोलीतच मांडिली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. तीत हरवले ते चिनथूंचे एक बनियन, पाकिटांपायी गमावले ते दोन दिवस, मिळविले ते वर लिहिलेच आहे. तहावर मोहोर ऐसी पडली की, वाट्या हाती येताच मातोश्रींनी यंत्र बंद करण्याचा हुकूम केला. "कर ते बंद. तुम्ही दोघं बोलताय ते मला ऐकू येत नाहीये." चिनथूंनी तत्क्षणी बंद केले. सार संपले तेव्हा काटा चौऱ्याहत्तरावर होता, आणि त्याकडे कोणी पाहिले नाही.