आखूड पाठीचा डांपर

कुरुळीत आपल्याला विचारल्याशिवाय कुणी बैल घेत नाही, असं हिंदुराव स्वतः सांगत. गावाचं मत थोडं वेगळं होतं, पण ते त्यांच्या तोंडावर कुणी काढत नसे, कारण माणूस मनानं भला. चाकणच्या बाजारात बैलाच्या पाठीवर नुसता हात ठेवला की त्याचं वय, त्याच्या खोड्या आणि आधीच्या मालकाचा स्वभाव कळतो, असा त्यांचा दावा होता. असा हा माणूस एकदा बैलजोडी बघायला म्हणून घरातून निघाला, वाटेत लष्कराच्या लिलावात शिरला आणि जीप घेऊन परत आला.

लढाई संपून बरीच वर्षं झाली होती, तरी लष्कराच्या जुन्या गाड्या विकायला निघतच होत्या. ही जीप चारही चाकांनी ओढणारी, कितीही चिखल असला तरी अडायची नाही. पण ओढ्यातले दगड तिच्या पोटाला लागत. मग हिंदुरावांनी गावच्या लोहाराला गाठलं, स्प्रिंगांत जादा पाट्या घालून तिला वीतभर उंच केली आणि खाली दांडगी चाकं चढवली. आता तिच्यात चढायला पाट लागायचा. शिवाय तिनं जरा वेग घेतला की पुढची चाकं हिवताप भरल्यासारखी कापू लागत. ती थरथर स्टेअरिंगमध्ये यायची, तिथून हिंदुरावांच्या हातात आणि हातातून मिशांत.

गाडी कांद्यासाठी घेतली, असं ते पारावर सांगत. खरी गोष्ट अशी, की बैलगाडीच्या धक्क्यांनी मंजुळाबाईंची कंबर धरायची आणि त्यापायी त्यांनी ताथवड्याला माहेरी जाणं जवळजवळ सोडून दिलं होतं. हिंदुरावांचा बायकोवर फार जीव होता. पण बायकोसाठी गाडी घेतली, असं त्या काळी बोलून दाखवलं असतं तर पारावर बसायची सोय उरली नसती. म्हणून ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही, मंजुळाबाईंनाही नाही.

आणि मंजुळाबाई काही त्या जीपमध्ये बसेनात.

ताथवड्याला त्यांचा धाकटा भाऊ मारुतराव. त्याच्या लेकीचं, कुसुमचं लग्न ठरलं आणि आत्या आल्याशिवाय मी बोहल्यावर चढणार नाही, असं कुसुमनं निक्षून सांगितलं.

"आपल्या गाडीनं जाऊ," हिंदुराव म्हणाले.

"मला कुसुमच्या लग्नाला जायचंय, सरगात न्हाई," मंजुळाबाई म्हणाल्या. "गाडीचं कापणं थांबवा, मग बसते. न्हाईतर बैलगाडी जुंपा."

झालं. जीप घेतली तेव्हा याच मारुतरावांनी विचारलं होतं, "दाजी, लष्करानं टाकलेलं तुमी उचललं व्हय?" आता त्याच्याच दारात बैलगाडीतून उतरायचं म्हणजे नाक कापून हातात घेऊन जाण्यासारखं होतं. त्याहून वाईट म्हणजे बायकोची कंबर पुन्हा धरणार. हिंदुरावांनी तडक भोसरी गाठली.

भोसरीत ज्योतीराम मिस्त्रीचं पत्र्याचं दुकान होतं. ज्योतीराम गाडीखाली गेला आणि काळं तोंड घेऊन बाहेर आला.

"डांपर गेलाय," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"चाकांच्या दांडीला एक नळी असती. आत तेल. चाकं थरथरली की ती थरथर ही नळी गिळती. तुमच्या नळीतलं तेल कवाच गळून गेलंय. नवी बसवाय पाहिजे. त्यात तुमी गाडी केली उंच, म्हंजी जुन्या मापाची चालंल का न्हाई, तेबी बघाय लागंल."

त्यानं खोक्यातून तीन डांपर काढून पोत्यावर मांडले. एक लांब आणि सडपातळ, एक मधला पण गंजलेला आणि एक आखूड, जाडजूड, काळाभोर. ज्योतीराम माप घ्यायला सुतळी शोधू लागला. तेवढ्यात हिंदुराव पोत्यापुढे उकिडवे बसले आणि त्यांच्यातला बैलपारखी जागा झाला. त्यांनी तिन्ही डांपर हातात घेऊन तोलले, पाठीवरून हात फिरवला, एकाला तर थापही मारली.

"ह्यो लांब पाठीचा कामाचा न्हाई," ते म्हणाले. "लांब पाठीचा बैल वझ्याखाली वाकतो. मधल्याचं अंग बसलंय. घ्यावा तर ह्यो. आखूड पाठ, भरलेली छाती. असला बैल मरंपर्यंत जू सोडत न्हाई."

वास्तविक इथे मिस्त्रीनं सुतळी पुढे करायची. पण ज्योतीराम होता मूळचा परभणीकडचा शेतकरी. पोटासाठी पाना हातात धरला होता, तरी जीव अजून गोठ्यातच होता. लांब पाठीच्या बैलानं त्याच्या बापाला कसं भर पेरणीत फसवलं होतं, ते त्याला आठवलं आणि त्याचे डोळे भरून आले. सुतळी तशीच राहिली.

"खरं बोललात मालक," तो म्हणाला आणि आखूड डांपर घेऊन पुन्हा गाडीखाली शिरला.

नव्या बैलाला दावणीला बांधण्याआधी उजवा फेरा द्यायची रीत आहे. नव्या वस्तूला डावा फेरा देत नाहीत, अशुभ असतो. तेव्हा डांपर बसल्यावर हिंदुरावांनी दुकानापुढच्या मोकळ्या जागेत जीपला उजवे फेरे दिले. चाकं कापली नाहीत. वेग वाढवला तरी कापली नाहीत. ज्योतीरामनं गाडीला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि दोघांनी खोबरं खाल्लं. डावीकडे गाडी वळवून बघायचं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. शुभकार्यात असलं कुणाच्या मनात येतं? भोसरीहून कुरुळीचा रस्ता सरळ, दारापुढे गाडी फिरवली तीही उजवीकडूनच, त्यामुळे घरी जातानाही काही कळलं नाही.

लग्नाच्या दिवशी मंजुळाबाई पाटावर पाय ठेवून जीपमध्ये चढल्या. अंगावर हिरवं लुगडं, नाकात नथ, मांडीवर रुखवताचं गाठोडं. मोशी येईपर्यंत त्यांनी गाडीची दांडी घट्ट धरून ठेवली होती, मोशी मागे पडल्यावर सोडली. चाकं कशी गाईसारखी चालत होती.

"कापत न्हाई की," त्या म्हणाल्या.

"पारख लागती," हिंदुराव म्हणाले. त्या दिवशी त्यांच्याइतका सुखी माणूस नाशिक रस्त्यावर दुसरा नसेल.

हे सुख पिंपरीपर्यंत टिकलं. तिथे डावीकडे वळायचं होतं. हिंदुरावांनी स्टेअरिंग डावीकडे ओढलं. ते थोडंसं आलं आणि खुंटीला अडकल्यासारखं थांबलं. त्यांनी जोर लावला, दात खाल्ले, पण काही उपयोग झाला नाही. चाकं डावीकडे पुरती फिरायची तर नळीला लांब व्हायला हवं आणि नळी पडली आखूड. हिंदुरावांनी एकदाच काय ते जू न सोडणारं जनावर निवडलं होतं, आणि ते आता जू सोडायला तयार नव्हतं. वळण मागे गेलं.

"वळायचं व्हतं न्हवं?" मंजुळाबाईंनी विचारलं.

"जरा नवा कारखाना दाखवतो तुला," हिंदुराव म्हणाले.

डावीकडे जायचं तर आता एकच उपाय होता. पुढे जाऊन तीनदा उजवीकडे वळायचं आणि मूळ रस्ता सरळ ओलांडायचा. ते कारखान्याच्या वसाहतीत शिरले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं लष्करी गाडी बघून खाडकन सलाम ठोकला. आतली एक गल्ली बंद निघाली, म्हणून पुन्हा फेरा मारावा लागला आणि पुन्हा सलाम मिळाला. तिसऱ्या वेळी तो बिचारा आपली बटणं लावून, टोपी सरळ करून उभा होता. मोठा साहेब तपासणीला आलाय, अशी त्याची खात्रीच झाली होती. मंजुळाबाईंनी त्याला मानेनं नमस्कार केला.

पुढे चिंचवडात असंच झालं. तिथे त्यांना एका वखारीला वळसा घालावा लागला. "ही वखार चांगली हाय, लाकूड लागलं तर हितनंच घेऊ," असं हिंदुराव म्हणाले. मंजुळाबाईंनी गाठोड्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून नवऱ्याच्या हातावर ठेवला.

ताथवड्यात शिरताना गोरज मुहूर्त जवळ आला होता. मारुतरावांच्या घराची गल्ली डाव्या हाताला आणि तिच्यासमोर उजव्या हाताला भैरोबाचं देऊळ. हिंदुरावांनी हिशेब केला. देवळाला उजवा वळसा घातला की गाडी आपोआप गल्लीच्या तोंडाशी येते. वळसा घातला. गाडी बरोबर गल्लीसमोर आली. पण पाहुणे आले म्हणून सनई-चौघडावाले नेमके गल्लीतूनच सामोरे आले. त्यांच्या अंगावर गाडी घालता येईना, म्हणून पुन्हा उजवीकडे, पुन्हा देवळामागे.

पारावर बसलेले म्हातारे आबाजी उठून उभे राहिले. आबाजी गावातले मोठे देवभक्त.

"अरे, देवाला प्रदक्षिणा घालतोय त्यो," ते म्हणाले. "गाडीसकट. नाहीतर आजकालचे लोक, देवळावरनं जातात आन् मान वळवत न्हाईत."

देवाला प्रदक्षिणा उजवीच असते. आता कुणाला शंका घ्यायला जागा राहिली नाही. सनईवाले जीपच्या मागे लागले. त्यांच्यामागे वऱ्हाड, पोरंटोरं आणि एक कालवड. कुणी गुलाल उधळला, कुणी पुढून येऊन चाकावर पाणी ओतलं.

हिंदुरावांनी ब्रेकवर पाय ठेवला, तर आबाजी ओरडले, "प्रदक्षिणा अर्धी सोडू नगा पाव्हणं, पाच तरी पुऱ्या करा." गल्लीच्या तोंडाशी मारुतराव हात जोडून उभे होते. जीपला नावं ठेवणारा हाच तो मेव्हणा. त्याच्यापुढे थांबून काय सांगायचं, की गाडी डावीकडे वळत नाही? हिंदुरावांनी ब्रेकवरचा पाय काढला.

पाचव्या प्रदक्षिणेत देवळाच्या मागच्या बाजूला थोडा अंधार होता. तिथे त्यांचा धीर सुटला.

"अगं," ते हळूच म्हणाले, "गाडी डावीकडं वळत न्हाई."

"ते मला पिंपरीतच कळलं," मंजुळाबाई म्हणाल्या.

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले असते तर तुमी गाडी थांबवून तिच्याखाली निजला असता. आपलं लगीन झाल्यापासून तुमी माझ्याशेजारी इतका येळ कवा बसलाय? मी म्हनलं, फिरू द्या."

हिंदुराव रस्ता सोडून बायकोकडेच बघत राहिले. गिअर बदलायचा राहिला आणि त्या भानगडीत जीप बंद पडली, ती नेमकी देवळापुढे, गल्लीकडे कूस करून.

एवढी सेवा झाल्यावर देवानंच गाडी थांबवली, असं आबाजींनी जाहीर केलं. आता मांडवापर्यंत ही गाडी इंजिनानं न्यायची म्हणजे पाप. तालमीतल्या गड्यांनी पुढून जीप उचलली आणि "भैरोबाच्या नावानं चांगभलं" म्हणत तिचं तोंड डावीकडे, गल्लीत करून दिलं. मग ढकलत तिला थेट मांडवाच्या दारात नेऊन उभी केली. मंजुळाबाई पालखीत बसल्यासारख्या माहेरी उतरल्या. मारुतरावांनी दाजींच्या पायावर डोकं ठेवलं. हिंदुरावांनी आशीर्वाद दिला, पण त्याच्या नजरेला नजर काही दिली नाही.

लग्न लागलं, पंगती उठल्या. हिंदुराव चोरपावलांनी गाडीकडे निघाले, तर मारुतराव आडवे आले. त्यांच्यामागे नवरा-नवरी, मुंडावळ्यांसकट.

"दाजी, आता न्हाई म्हनू नगा. वरात तुमच्याच गाडीतनं. परदक्षिणा घातलेली गाडी हाय, व्याही दुसऱ्या गाडीला कबूलच व्हईनात."

"लांब असंल गाव," हिंदुराव म्हणाले.

"छे, ही काय वाट. नाकासमोर सरळ जायचं. निस्तं ओढ्यापाशी एकदा डावीकडं वळायचं."

हिंदुरावांनी बायकोकडे पाहिलं. मंजुळाबाईंनी पदर खोचला, पाटही न मागता जीपमध्ये चढल्या आणि पुढच्या जागेवर ऐसपैस बसल्या.

"चला की," त्या म्हणाल्या. "फराळाचं बांधून घेतलंय मी."