सबनीसकाकांची तपासणी

सबनीसकाका आधी लसीकरणाचं पिवळं पुस्तक मागतात, नमस्कार मग. जर्मनीत न्युरेम्बर्गला मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आले, तेव्हा दोन्ही हातांत बॅगा होत्या. एकही न उचलता त्यांनी विचारलं, "धनुर्वाताची शेवटची लस कधी?"

मी कमी बोलते. काकांना ते चालतं. "आल्झो, तर मग आठवत नाही म्हणजे घेतली नाही. चल."

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याला श्रीखंडाच्या रांगेत ते रक्तदाबाचं मशीन घेऊन उभे राहतात. जोशीकाकू एकदा वैतागल्या, "अहो, जेवू द्या की! तुम्हाला बघूनच चढतो माझा."

"गेनाऊ! अगदी बरोबर, म्हणूनच मोजायचा."

जंगलात फिरून आलो की पार्किंगमध्येच सगळ्यांना पोटऱ्या दाखवायला लावतात. "गोचीड आहे ती, न सांगता चिकटते. पाहुणे निदान फोन करून येतात."

मी त्यांना जिन्यात टाळायचे. पण माझी मरगळ थायरॉइडची आहे, हे त्यांनी मागे लागून करवलेल्या रक्ततपासणीतच कळलं.

पन्नाशीनंतरच्या आतड्याच्या तपासणीला तर अर्धं मंडळ त्यांनी स्वतःच्या गाडीतून नेलंय. त्यांची स्वतःची मात्र राहिली होती. मार्चमध्ये ते एक फॉर्म घेऊन माझ्या दारात आले. "जरा बघ गं, बरोबर भरलाय का."

काकांचं जर्मन माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं आहे. सगळं सुवाच्य भरलेलं होतं. एकच ओळ कोरी होती: भूल दिल्यानंतर घरी न्यायला कोण येणार?

"तीनदा तारीख बदलली," ते दाराच्या चौकटीकडे बघत म्हणाले. "वडील आतड्याच्या कॅन्सरनेच गेले माझे. उशिरा कळलं."

"मंडळात इतकी माणसं आहेत, काका."

"त्यांना मी नेतो गं. मला न्यायला या, हे कसं म्हणायचं?"

मी पेन घेऊन त्या ओळीवर माझं नाव लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि फॉर्मची घडी घालत म्हणाले, "मोबाइल चालू ठेव."

तपासणीच्या गुरुवारी मी दवाखान्यात अर्धा तास आधीच जाऊन बसले. एक लहानशी गाठ सापडली होती, ती तिथेच काढून टाकली; वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. नर्सच्या आधाराने काका बाहेर आले, डोळे अर्धवट मिटलेले. मला बघताच त्यांनी तिचा हात सोडला आणि तिला चक्क मराठीत सांगितलं, "माझी माणसं आली."

मी एकटीच होते.