केशवरावांच्या आतड्यांचे पुनर्यौवन

माणसाचे वय आधार कार्डावर छापलेले असते. खरे वय मात्र पंगतीत कळते.

सौंसरचे केशवराव या हिशेबाने फार काळ तरुण राहिले. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत कोणाच्याही लग्नात ते पानावर बसले, की वाढपी वांगे-आलूच्या भाजीचे गंज काळजीने हलवून पाहत. पण सत्तरी आली आणि त्यांचे पोट एखाद्या सरकारी कार्यालयासारखे झाले: आलेले ठेवून घेई, पुढे पाठवत नसे. मेव्हण्याच्या मुलीच्या लग्नात त्यांनी ताक-भात मागितला, तेव्हा आचाऱ्याने डोक्यावरचा रुमाल काढला. (जिवंतपणी हा मान थोड्यांनाच मिळतो.)

हा घाव ताजा असतानाच मोबाइलवर संदेश आला. तरुण उंदरांच्या रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पेशी काढल्यावर उरणारे पिवळसर पाणी, म्हाताऱ्या उंदरांना दिला आणि त्यांची आतडी सुधारली म्हणे. (तरुण उंदरांचे मत संदेशात नव्हते.) पांढुर्ण्यात ही सोय नुकतीच सुरू झाली होती. तिथल्या डॉक्टरांनी, ज्यांची पदवी वाचता येणार नाही इतक्या उंचावर टांगली होती, केशवरावांचे पोट आदराने दाबले.

"घरचा तरुण घेऊन या," ते म्हणाले. "त्याचं पचन मात्र उत्तम पाहिजे."

केशवराव दुसऱ्याच दिवशी सहकुटुंब हजर झाले. मुलगा विनोद पितृभक्त होता. "देतो न बाबा," तो म्हणाला, "पण सकाळी गोळी घेतल्याबिगर मायं पोट चालतच नाई." जावई कुलदीप रोज व्यायामशाळेत जाई. त्याचे दंड पाहून डॉक्टर खुर्चीतून उठले. चौकशीअंती पुन्हा बसले. "मामाजी," कुलदीप खाली पाहत म्हणाला, "मले भाकर जड पडते. मी पावडर पिऊन राहिलो." पुढच्या आठवड्यात पुतणे आणि भाचेही तपासून झाले. निष्कर्ष असा निघाला, की तालुक्याच्या तरुण पिढीला केशवरावांकडूनच प्लाझ्मा घेता आला तर बरे.

डॉक्टर हरले नाहीत. "घरात असं कोणीच नाही का, ज्याला सगळंच पचतं?"

सगळ्यांनी कोपऱ्यात बसलेल्या पुष्पाबाईंकडे पाहिले. या केशवरावांच्या पत्नी. त्यांचे पथ्य लग्नापासून एकच होते: सर्वांच्या मागून जेवायचे, उरेल ते, थंड झाले असेल तसे. शिळी भाकर, आंबलेले वरण, सासूचे बोलणे, सारे त्यांना पचले होते. (या आहाराचा शास्त्रीय अभ्यास झालेला नाही, उंदीर तयार होत नाहीत.)

वय नियमात बसत नव्हते, पण विज्ञान गरजेपुरते वाकते. केशवराव जन्मात पहिल्यांदा विनंतीच्या सुरात बोलले, "अवं, थोडसंच काढतेत. देशीन का?"

"अजी, लगन झाल्यापासून मायंच रक्त पिऊन राहिले न तुमी?" पुष्पाबाई म्हणाल्या. "त्यानं गुण आला असता तं आतालोक गोटे पचवले असते."

डॉक्टरांनी हे निरीक्षण केसपेपरवर घेतले नाही.

पुष्पाबाई तिथूनच लेकीला घेऊन जामसांवलीला हनुमानाच्या दर्शनाला गेल्या आणि मुक्कामाला राहिल्या. घरी एकटे उरलेले केशवराव पहिला दिवस रुसून उपाशी बसले. रुसलेले कोणाला दिसत नाही, हे कळायला त्यांना रात्र गेली. दुसऱ्या दिवशी ते पायी जाऊन पीठ दळून घेऊन आले. घामाघूम होऊन एक भाकर थापली, एका बाजूने जाळली आणि कांद्याबरोबर खाल्ली. ती पचली. संध्याकाळी चक्क भूक लागली. हा अनुभव इतका जुना होता, की आजार वाढला असे वाटून ते घाबरले.

पुष्पाबाई परतल्या तेव्हा ते गॅसपाशी उभे होते. त्यांनी तव्यावरची भाकर बायकोच्या ताटात वाढली. पुष्पाबाई तिच्यातून निघणाऱ्या वाफेकडे पाहत राहिल्या.

"इतकी गरम मले पचन का नाई, काय माईत," त्या म्हणाल्या. पण सगळी खाल्ली. केशवराव मागून जेवले.

ही हकिकत ऐकणारे इथे हळूच विचारतात, "ते पांढुर्ण्याचं केंद्र नेमकं कुठं आहे?" तुमचाही प्रश्न तोच असेल, तर स्टेशनवर उतरून कोणालाही विचारा. घरून पोटभर जेवून निघा. घरच्या बाईसाठी थांबायचे कारण नाही. ती तशीही तुमच्याबरोबर कधी जेवायला बसलेली नाही.