आधी कुठून, मग कुठे

मुलांनो, मी एकदा एक वसा घेतला होता. कुठल्या देवाचा, असं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. तो मिठाच्या चमच्याचा होता.

आमच्याकडे उपासाच्या पदार्थांची एक वही आहे. साबुदाण्याच्या खिचडीला दोन चमचे मीठ, असं मीच तीत लिहून ठेवलं होतं. लिहिलं तेव्हा बरणीत शिंपलीएवढा चमचा होता. पुढे तो मोडला आणि चांगला ऐसपैस चमचा आला. माझ्या हाताला ते ठाऊक होतं. वहीला नव्हतं. एका एकादशीला धाकट्या जावेनं, कुमुदिनीनं, वहीबरहुकूम खिचडी केली. घरातली अकरा माणसं दिवसभर केळ्यांवर राहिली. बोलणी खाल्ली कुमुदिनीनं. वही उघडून कुणी पाहिली नाही, आणि मीही गप्प बसले.

त्या संध्याकाळी वसा घेतला. घरातली रीत बदलली, की सांजवात लावायच्या आधी वहीतली ओळ बदलायची.

त्या वशाचीच ही कहाणी. मांडी घालून बसा. हातात चार अक्षता घ्या. अक्षता नसतील तर शेंगदाणे चालतील, पण कहाणी होईपर्यंत तोंडात टाकायचे नाहीत.

एका जंगलात एक सिंह राजा होता. त्याचा आवाज मोठा आणि बोलणं मोघम. तो नुसती डरकाळी फोडायचा आणि म्हणायचा, "करा."

आता अडचण बघा. हत्तीला डरकाळी ऐकू येते, पण कळत नाही. मुंगीला ती कळलीही असती, पण तेवढ्यात मुंगीच उडून जाते. माकडांची बोली वेगळी, कासवांची वेगळी. एक डरकाळी चाळीस बोल्यांत कोण सांगणार?

म्हणून जंगलात एक उकलघर होतं. तिथे डरकाळीची उकल व्हायची. एका मोठ्या हुकमाचे बारीक बारीक हुकूम पाडायचे, आणि सुतारपक्षी ते चोचीनं झाडाच्या सालीवर खुणांनी कोरायचे. उचल. ठेव. ने. थांब. एक खूण, एक काम. या खुणांना मधली बोली म्हणत. ती राजा बोलत नसे आणि प्रजाही बोलत नसे. पण साल हाती आली, की हत्तीकडचा उतारेकरी ती हत्तीच्या बोलीत सांगायचा आणि मुंग्यांकडचा मुंग्यांच्या.

आणि कुठल्या खुणेचा अर्थ काय, हे सांगणारी एक पोथी होती. खूणपोथी. ती कुणी लिहिली, ते कुणाला आठवत नव्हतं. म्हणजेच ती फार थोर होती.

पोथी रेशमी फडक्यात असायची. दर पौर्णिमेला तिचं पारायण व्हायचं. तीत गेंड्यांसाठीच्या खुणांची अकरा पानं होती. जंगलात गेंडा उरला नव्हता. सुतारपक्षी रोज कोरत त्या तेवीस नव्या खुणांचं तीत नावही नव्हतं. एका पानावर नुसतंच लिहिलं होतं, 'येथे पुढे लिहावे.' त्या पानाशी आले, की सगळे हात जोडायचे आणि तीनदा म्हणायचे, "येथे पुढे लिहावे, येथे पुढे लिहावे, येथे पुढे लिहावे." लिहायचं मात्र कुणी नाही. त्या पानावर हळदीकुंकू इतकं साठलं होतं, की आता लिहायला जागाही नव्हती.

उकलघराचे प्रमुख होते धनेशराव. चोच केवढी मोठी, आणि वर तिला शिंगासारखा टोप. बोलले, की ते टोपच बोलल्यासारखं वाटायचं.

तर या उकलघरात साळूबाई आली. साळू म्हणजे साळिंदर, अंगभर काटे असतात ते. पलीकडच्या रानात तिनं वीस वर्षं उताऱ्याचं काम केलं होतं. इथे तिच्याकडे मुंग्यांचं खातं आलं.

पहिल्या दिवशी तिनं विचारलं, "धनेशराव, खुणा कुठे शिकू?"

"पोथीत. सगळं आहे त्यात."

कोपऱ्यात ठोकेतात्या कोरत बसले होते. ते सगळ्यात जुने सुतारपक्षी. ते चोच न थांबवता म्हणाले, "पोथीत काय बघायचंय? साल वाचायची. साल खोटं बोलत नाही."

"पण साल वाचायला खूण कळायला हवी ना, तात्या?"

"कळते हळूहळू. आम्हाला कुणी शिकवलं होतं?"

साळूबाईनं पोथी घेतली, डोक्याला लावली आणि तीन दिवसांत पाठ केली. तिसऱ्या पानावर 'ने' ही खूण होती. तिथे स्वच्छ लिहिलं होतं: आधी वस्तू, मग कुठे, मग कुठून.

इथे जरा कान देऊन ऐका. ही खूण खरंच तशी होती. पण बारा वर्षांपूर्वी हत्तींनी तक्रार केली होती. ते म्हणाले, "ठेवायचं कुठे ते आधी सांगता, उचलायचं कुठून ते मागाहून. तोवर सोंड हवेत धरून उभं राहायचं का?" तक्रार रास्त होती. ठोकेतात्यांनी एका दुपारी क्रम बदलला. आधी कुठून, मग कुठे. उकलघरात सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना हलवल्या. पोथीला सांगायचं राहिलं. पोथी मान हलवत नाही.

त्याच महिन्यात पोथीला शंभर वर्षं होत होती. राजानं डरकाळी फोडली. धनेशरावांनी उकल केली. पोथीची हत्तीवरून मिरवणूक काढायची. वाट झाडायची. केळीचे खांब रोवायचे. वाटेत मुंग्यांचं एक वारूळ होतं, तिथली अंडी हलवायची. धनेशराव तसे दयाळू होते. मुंगीचंही अंडं तुडवलं जाऊ नये, असं त्यांना मनापासून वाटायचं.

ठोकेतात्यांनी साल कोरली. ने. अंडी. वाट. खडक.

नव्या रीतीनं अर्थ सरळ होता. अंडी वाटेवरून खडकावर न्या.

साळूबाईनं पोथी उघडली, तिसरं पान पुन्हा एकदा वाचलं आणि मुंग्यांच्या बोलीत उतारा केला. अंडी खडकावरून वाटेवर न्या.

उकलघरात ज्याच्या त्याच्या हाती आपापल्यापुरती साल. मिरवणूक कुठून जाणार, ते तिच्या सालीवर नव्हतं.

मुंग्यांची म्होरकी होती कणीआजी. वारुळाची दोन घरं होती, एक वाटेवर आणि एक उन्हाळ्यातलं, खडकाच्या सावलीत. निम्मी अंडी खडकावर होती. आजीनं हुकूम दोनदा ऐकला.

"साळूबाई, सावलीतून उन्हात न्यायची?"

"तसंच आलंय, आजी."

"तुम्ही नीट वाचलंत ना?"

"पोथीत बघून वाचलंय."

"मग प्रश्नच नाही," आजी म्हणाली. मुंग्यांची रांग लागली. एकेक अंडं डोक्यावर घेऊन त्या सावलीतून उन्हात निघाल्या. सूर्य वर आला तेव्हा सगळी अंडी वाटेच्या मधोमध होती, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी नीट मांडलेली. हुकूम नीटसपणानं पाळण्यात मुंग्यांचा हात कुणी धरत नाही.

मिरवणुकीच्या दिवशी उकलघराला सुट्टी होती. साळूबाई पोथीच्या दर्शनाला वाटेवर गेली. हातात झेंडूचं फूल होतं. ढोल वाजत होते. वळणावर पहिला हत्ती दिसला, त्याच्या पाठीवर अंबारी, अंबारीत रेशमात गुंडाळलेली पोथी.

मग तिनं खाली बघितलं.

फूल तिच्या हातातून गळलं. ती धावली. "हत्तीदादा, थांबा. खाली अंडी आहेत."

हत्ती म्हणाला, "मला 'चाल' अशी खूण आहे. 'थांब' अशी नाही."

"अहो, मी सांगतेय."

"तुम्ही कोण? साल आणा."

आणि पाऊल पडलं. त्या पावलाखाली काय होतं, ते मी सांगत नाही. कणीआजीनंही कधी सांगितलं नाही.

दुसरं पाऊल उचललं तशी साळूबाई अंड्यांच्या आणि त्या पावलाच्या मध्ये जाऊन बसली. अंगावरचे सगळे काटे तिनं ताठ उभे केले. एवढीशी साळू, पण त्या घटकेला बाभळीच्या बेटासारखी दिसली. हत्तीचा तळवा काट्यांना टेकला. हत्ती किंचाळून मागे सरला. अंबारी कलंडली, रेशीम सुटलं आणि पोथी धुळीत पडली. पडली ती उघडीच. तिसरं पान वर.

ढोल थांबले. पोथी धुळीत पडली म्हणून सगळे हळहळले. धनेशरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. अंड्यांकडे बघायला मुंग्या होत्याच.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. राजा म्हणाला, "बोला."

साळूबाई म्हणाली, "महाराज, पोथीत चूक आहे. 'ने'चा क्रम उलटा आहे."

"चूक नाही," धनेशराव म्हणाले. "जुनं आहे. जुन्याला चूक म्हणत नाहीत."

"क्रम बदलला हे कुणाकुणाला माहीत होतं?" राजानं विचारलं.

उकलघरातले सगळे पंख वर झाले.

"मग पोथीत का नाही?"

ठोकेतात्या म्हणाले, "सगळ्यांना माहीत असलेलं लिहायचं कशाला, महाराज? उगाच साल वाया."

"मला माहीत नव्हतं," साळूबाई म्हणाली.

"तुम्ही विचारलं का नाही?"

"माहीत नसलेलं काय विचारायचं, हे कसं माहीत होणार, तात्या?"

मग धनेशरावांनी सांगितलं, की पोथी सुधारण्याचा विषय गेली नऊ वर्षं दर पौर्णिमेच्या सभेत येतो आहे आणि दर वेळी एकमतानं पुढच्या पौर्णिमेवर जातो आहे. म्हणजे काम सुरूच आहे. तूर्त पहिल्या पानावर एक ओळ घालावी: 'ही पोथी जुनी आहे, भक्तीनं वाचावी आणि जपून मानावी.' राजाला ती ओळ फार आवडली.

साळूबाईनं अंगावरचा एक काटा उपटला. दुखलं तिला. तो शाईत बुडवला, पोथी पुढे ओढली आणि सगळ्यांच्या देखत तिसऱ्या पानावर लिहिलं: आधी कुठून, मग कुठे. कधीपासून, तेही लिहिलं. का, तेही लिहिलं. आणि खाली आपलं नाव घातलं.

सभेत कुजबुज सुरू झाली. पोथीवर नाव? शंभर वर्षांत कुणाचं नव्हतं.

राजानं निवाडा केला. "आजवर पोथीत कुणाचंच नाव नव्हतं, म्हणून पोथीचा दोष कुणाचाच नव्हता. आता साळूबाईचं आहे. यापुढे पोथीमुळे काही चुकलं, तर ते साळूबाईचं. मिरवणूक मोडली तो दोषही तिचाच."

सगळ्यांना बरं वाटलं. शंभर वर्षं दोष ठेवायला जागा नव्हती. आता झाली.

त्या आठवड्यात एक पाणमांजर चुकून आपल्याच बिळात बुजवलं गेलं. पंचांनी विचारलं, "पोथी कुणाची?" सगळे म्हणाले, "साळूबाईची." माकडांनी कच्चे फणस उतरवले. पोथी कुणाची? साळूबाईची. ठोकेतात्यांनी आणखी दोन खुणा बदलल्या. तिला सांगायचं राहिलं. सगळ्यांना माहीत होतं.

साळूबाई संध्याकाळी पोथीपुढे दिवा लावून बसायची आणि म्हणायची, "देवा, एक ओळ लिहिली, ते पाप झालं का?" देव काही बोलायचा नाही. देवालाही कुणी सांगितलं नसेल.

एके दिवशी दिव्यापाशी कणीआजी दिसली. ती दिव्याला वळसा घालून पोथीच्या कडेवर चढली.

"बाई, आज 'उचल' बदलली. आधी वजन, मग वस्तू. तात्यांनी दुपारी कोरली, मी उंबऱ्यावर होते."

साळूबाई म्हणाली, "आजी, माझ्यामुळे तुमची अंडी..."

"ते राहू द्या. आधी लिहा. मावळायला आलंय."

साळूबाईनं काटा उपटला.

दुसऱ्या दिवसापासून उकलघराच्या उंबऱ्यावर रोज एक मुंगी बसू लागली. पाळी लावून. खूण बदलली, की ती दिवेलागणीच्या आत येऊन सांगायची. कुणी नेमलं नव्हतं. मुंग्यांनी तो वसाच घेतला होता. धनेशरावांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "मुंगी बसली तर बसू दे. जागा कितीशी लागते?"

पोथीतली अकरा पानं गेंड्यांची होती, ती निघाली. तेवीस नव्या खुणा आल्या. हळदीकुंकवाचं पान साळूबाईनं हलक्या हातानं पुसलं आणि तिथे पुढे लिहिलं. साळूबाईच्या पाठीवर काटे विरळ झाले. आणि पोथी बरोबर झाली, तशी तिची मिरवणूक बंद पडली. जी वस्तू रोज उघडावी लागते, तिला रेशमात कोण गुंडाळणार?

तात्पर्य: शहाण्यानं पोथीची पूजा करावी, तिला हात लावू नये. चुकीची पोथी कुणालाच बुडवत नाही, कारण ती कुणाचीच नसते. बुडतो तो ओळ सुधारणारा, कारण त्याचं अक्षर ओळखू येतं. आणि पावलाखाली कोण आलं, ते मोजायला मुंग्या आहेतच.

हे तात्पर्य उकलघराच्या भिंतीवर लावलेलं आहे. मुलांनो, तुम्ही ते वाचा आणि मोठ्या माणसांसारखी मान हलवा. मग शेंगदाणे खा आणि उठा. तुमच्या घरीही कुठला तरी चमचा बदललेला असेल. हाताला ठाऊक असेल, वहीला नसेल. आज दिवा लागायच्या आत ती एक ओळ तेवढी बदला, बाळांनो. आणि खाली आपलं नाव घाला.