रिसेप्शनवरचे केस

एसी दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीच्या दुबईतल्या करामा भागातल्या ऑफिसात कर्मचाऱ्यांचे केस प्रशासन विभागाच्या अखत्यारीत येत, आणि प्रशासन विभाग म्हणजे नागेश. त्याला स्वतःला टक्कल होतं. बायको गेल्यापासून त्याच्या घरात कंगव्याला काही काम उरलं नव्हतं. त्यामुळे या विषयात तो निःपक्षपाती मानला जाई.

रिसेप्शनवर उमैमा बसे. मूळची सुदानची, शारजात वाढलेली, हिंदी तोडकीमोडकी पण बेधडक. नोकरीला लागली तेव्हा तिचे केस सरळ होते, कारण दर आठवड्याला ती ते तापलेल्या इस्त्रीने भाजून काढत असे. मग कंटाळली. भाजलेला भाग कापून टाकला आणि केसांना त्यांच्या मर्जीने वाढू दिलं. ते बारीक कुरळे, काळेभोर केस खाली लोंबण्याऐवजी वर आणि चहूबाजूंनी वाढले. दाट, भरगच्च. नेमकं तेव्हाच तिचं प्रोबेशन संपत आलं. नोकरी कायम झाली नाही तर व्हिसा खलास.

मॅनेजर मनालीमॅडमनी नागेशला केबिनमध्ये बोलावलं.

"पॉलिसीत काय लिहिलंय? केस विंचरलेले व खाली बसलेले असावेत. तिचे बसलेत का?"

"उभे आहेत, मॅडम."

"मग नोटीस द्या."

नागेशने खाली मान घालून नोटीस दिली. उमैमाने ती वाचली आणि म्हणाली, "नागेशभाई, कंघी तो किया है. बाल नीचे नहीं आते. ग्रॅव्हिटी को नोटीस दो ना."

नागेशने फायलीत नोंद केली: 'कर्मचाऱ्याचा खुलासा प्राप्त. कारण बाह्य.'

खुलाशावर विचार करण्यासाठी केशसुधारणा समिती नेमण्यात आली. अध्यक्ष मनालीमॅडम, त्यांचा निम्मा अंबाडा नकली, क्लिपने लावलेला होता. सदस्य अकाउंट्सचा मिथुन. त्याने डोक्यावर नुकतेच केस रोवून घेतले होते आणि तो मीटिंगलाही टोपी घालून बसे. दुबईच्या पाण्याने केस गळतात, यावर समितीचं पहिल्याच बैठकीत एकमत झालं. उमैमाही त्याच पाण्याने डोकं धुते, हा मुद्दा विषयपत्रिकेत नसल्याने कोणी काढला नाही.

"माझी आई व्हिजिट व्हिसावर आलीये," मिथुन म्हणाला. "गावाकडं तिनं भल्याभल्यांची डोकी सरळ केलीत. खोबरेल आणि फणी. दोन वेण्या, वर लाल रिबिनी. हाय काय नि नाय काय."

ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी नर्मदाबाई खोबरेलाची बाटली घेऊन पँट्रीत हजर झाल्या. "ये गं बाळा, बस. रडायचं नाही." त्यांनी कोरड्या केसांवर तेल ओतलं आणि फणी घातली. दुसऱ्या ओढीला फणीचे दात केसांत राहिले आणि नर्मदाबाईंच्या हातात नुसती पट्टी आली.

उमैमाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिला हसूही आवरेना. "मम्मी, सूखे में नहीं!"

मग तिने सिंकच्या नळाखाली डोकं धरलं. केस धुतले, कंडिशनर लावलं, ओल्या केसांचे भाग पाडले. आधी बोटांनी गुंता सोडवला, मग रुंद दातांचा कंगवा टोकाकडून मुळाकडे नेला. कंडिशनर धुऊन टाकल्यावर, केस ओले असतानाच, वरून थोडंसं तेल लावलं, म्हणजे पाणी आत टिकतं. पुढचंही तिने सांगून टाकलं: रात्री सैल वेणी, डोक्याला साटिनची टोपी, इस्त्री बंद. "और फिर छोड दो, मम्मी. रोज हाथ नहीं लगाने का."

नर्मदाबाईंनी वाळलेल्या केसांवर तळहात दाबून पाहिला. "अगंबाई, केस आहेत की गादी!" तशाच त्या मीटिंगरूममध्ये शिरल्या. "हिला काही झालेलं नाही. झालंय ते तुम्हाला."

त्यानंतर पँट्रीत चहाला पाणी मिळेनासं झालं, कारण नळाखाली कायम उमैमाकडून केस धुवायला शिकणाऱ्या कोणाचं तरी डोकं असे. पॉलिसी सुधारण्यात आली: 'केस नैसर्गिक व दाट असावेत.' क्लिपवर बंदी आली. मिथुनची टोपी 'माहिती लपवणे' या सदरात गेली. टक्कल असल्याबद्दल नागेशलाही नोटीस निघाली. प्रशासन विभाग या नात्याने ती त्याने स्वतःच स्वतःला दिली आणि सही करून घेतली.

अखेर उमैमाची फाईल पुढे आली.

"प्रोबेशनमध्ये सुधारणा दिसायला हवी," मिथुन म्हणाला. "हिचे आधीपासूनच दाट. सुधारणा शून्य."

"नियम म्हणजे नियम," मॅडम म्हणाल्या. "दुसरी बघू. मिळेल, इन्शाल्ला."

नागेशला वाद घालता येत नसे. नियम मात्र पाठ होते.

"मॅडम, ट्रेनिंग फक्त कायम कर्मचारी देऊ शकतो. आपलाच नियम आहे. उमैमा गेली, तर केस धुवायला कोण शिकवणार?"

मॅडमचा हात नकळत अंबाड्याकडे गेला.

"यल्ला, चला, नागेश. सही कुठे करू?"

अशी उमैमा कायम झाली. ऐन ऑगस्टमध्ये एसी बंद पडलेल्या माणसाला ती अरबीत, हिंदीत आणि मल्याळममध्ये शांत करते, असा शेरा नागेशने तिच्या फायलीत पहिल्याच पानावर लिहिला होता. तो कोणी वाचला नाही. तुम्ही तरी कुठे विचारलंत, ही मुलगी काम कसं करते? तुम्ही मघापासून एकच आठवताय: तेल पाण्याच्या आधी की नंतर?